खानावळीच्या स्वयंपाकघरात गॅसची जोडणी: जागा ठरवण्यापासून पहिली चूल पेटवेपर्यंत

खानावळ, पोळी-भाजी केंद्र, छोटे उपाहारगृह किंवा फक्त पार्सल देणारे स्वयंपाकघर सुरू करणारी बहुतेक मंडळी पहिली खरेदी भट्टीची करतात. दोन-तीन चुलींची भट्टी, डोशाची प्लेट, चपातीची प्लेट आणि चहाची शेगडी पसंत केली जाते, टेम्पोतून गाळ्यात येऊन पडते, आणि मग सिलिंडर कुठे ठेवायचे हा प्रश्न निघतो. तोपर्यंत ओट्याखालचा कोपरा, जिन्याखालची अडगळ किंवा पोटमाळा यांखेरीज जागा उरलेली नसते. माझ्या मते पुढच्या निम्म्या अडचणींचे मूळ या उलट्या क्रमात आहे. म्हणून येथे क्रम सुलटा ठेवला आहे. आधी सिलिंडरची जागा, मग गॅसचा एकूण भार, त्यानंतर पाइप आणि हवा, आणि भट्टी सर्वांत शेवटी.

जोडणीचे प्रत्यक्ष काम गॅस वितरकाने सुचवलेल्या किंवा या कामाचा रीतसर अनुभव असलेल्या फिटरनेच करायचे असते. नळाचे काम करणारा प्लंबर ‘गॅसचेही करतो’ म्हणाला, तरी त्याच्या हाती हे काम देऊ नये. मालकाने काय मागावे, काय स्वतःच्या डोळ्यांनी तपासावे आणि कशाला ठाम नकार द्यावा, एवढे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

आधी गॅसचा स्वभाव

एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. सिलिंडरमध्ये ते दाबाखाली द्रवरूपात असते आणि बाहेर पडताच त्याचा वायू होतो; एक लिटर द्रवापासून सुमारे अडीचशे लिटर वायू तयार होतो. हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्यामुळे गळती झाली की तो सांडलेल्या पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो, उताराकडे सरकतो, आणि मोरीत, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये किंवा तळघरात साचून राहतो. हवेतील त्याचे प्रमाण साधारण २ ते ९.५ टक्क्यांच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते. ही ठिणगी काडीपेटीचीच असावी लागते असे नाही. डीप फ्रीझरचा काँप्रेसर सुरू होताना त्याच्या रिलेत ठिणगी उडू शकते, आणि तो रिले असतो जमिनीपासून वीतभर उंचीवर, म्हणजे गॅस साचतो नेमक्या त्याच थरात. सिलिंडरशेजारी फ्रीझर ठेवण्याची आपल्याकडची सवय यासाठी सोडली पाहिजे.

गळती कळावी म्हणून एलपीजीत इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. मात्र चार तास लसणाच्या फोडण्या देत उभ्या असलेल्या आचाऱ्याच्या नाकावर भिस्त ठेवता येत नाही, त्यामुळे व्यावसायिक स्वयंपाकघरात गळती ओळखणारे यंत्र हवेच. एलपीजीसाठी ते जमिनीपासून साधारण १५ ते ३० सेंटिमीटर उंचीवर, पाण्याचे शिंतोडे उडणार नाहीत अशा बेताने बसवावे. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्यामुळे त्याचे यंत्र छताजवळ बसवतात. दोन्ही यंत्रे दिसायला सारखी असतात आणि चुकीच्या उंचीवर लावलेली सर्रास आढळतात.

सिलिंडरची जागा

उत्तम जागा म्हणजे इमारतीच्या बाहेर, जमिनीच्या पातळीवर, सावलीत, तीन बाजूंनी हवा खेळेल असा जाळीचा पिंजरा. पिंजऱ्याच्या तळाशीही जाळी असावी. खाली पक्की भिंत आणि वर जाळी अशी रचना केली, तर जड वायू आतच कोंडून राहतो. जमीन पक्की आणि सपाट असावी, सिलिंडर उभेच राहावेत, आणि ते घरंगळू नयेत म्हणून साखळी असावी. आसपास ड्रेनेजचे चेंबर, तळघराची खिडकी, वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग, विजेचा मीटर किंवा जनरेटर असेल तर ती जागा सोडून द्यावी. किती गॅसला किती अंतर सोडायचे, हे भारतीय मानक आयएस ६०४४ च्या पहिल्या भागात दिलेले आहे. जागेचा साधा नकाशा काढून वितरकाकडून किंवा सल्लागाराकडून त्यावर अंतरे लिहून घ्यावीत. तोंडी ‘चालतंय’ यावर थांबू नये.

तळघरात सिलिंडर कधीही ठेवू नयेत. पोटमाळ्यावर, जिन्याखाली आणि ग्राहकांच्या किंवा कामगारांच्या बाहेर पडण्याच्या वाटेवरही ते नसावेत. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी मुंबईत कुर्ल्याच्या सिटी किनारा उपाहारगृहात गॅसच्या गळतीतून भडकलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. मृतांत दुपारी जेवायला आलेले विद्यार्थी होते, आणि पोटमाळ्यावर बसलेल्यांना खाली येण्याची वाट उरली नाही. गाळा भाड्याने घेताना म्हणूनच पहिला प्रश्न भाड्याचा नसावा. मागच्या बाजूला सिलिंडरला मोकळी जागा आहे का, आणि सोसायटी किंवा घरमालक त्या जागेची परवानगी लेखी देतो का, हे आधी विचारावे. नाही म्हटले तर पाइपचा गॅस मिळू शकतो का ते पाहावे, अन्यथा तो गाळा सोडावा. विजेच्या शेगडीवर भागणारा व्यवसाय असेल तर गोष्ट वेगळी.

किती गॅस लागणार

प्रत्येक भट्टीच्या पट्टीवर किंवा माहितीपत्रकात ती ताशी किती गॅस घेते आणि किती दाबावर चालते, हे लिहिलेले असते. ते नसेल तर ती भट्टी घेऊ नये. हे आकडे एका कागदावर लिहून बेरीज करावी. उदाहरणादाखल सकाळी नाश्ता आणि दुपारी थाळी देणारे एक छोटे उपाहारगृह धरू: दोन चुलींच्या भट्टीला ताशी १.२ किलो, डोशाच्या प्लेटला ०.६, चपातीच्या प्लेटला ०.४ आणि चहाच्या शेगडीला ०.३, म्हणजे सर्व काही एकाच वेळी चालू असताना ताशी २.५ किलो.

आता दुसरी बाजू. निळ्या रंगाच्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये १९ किलो गॅस असतो, याचा अर्थ तो हवा तेवढ्या वेगाने बाहेर देईल असा होत नाही. द्रवाचा वायू होण्यासाठी उष्णता लागते, आणि ती सिलिंडरच्या पत्र्यातून बाहेरच्या हवेतूनच मिळते. गॅस फार वेगाने ओढला की सिलिंडर गार पडतो, त्याला बाहेरून घाम सुटतो, कधी पांढरे हिम धरते, आतला दाब उतरतो आणि नेमक्या गर्दीच्या वेळी ज्योत बसते. अशा वेळी सिलिंडरवर उकळते पाणी ओतणे, तो आडवा करणे किंवा उलटा धरणे हे प्रकार पुष्कळ ठिकाणी चालतात. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव बाहेर येतो, रेग्युलेटर ओलांडून चुलीपर्यंत पोहोचतो आणि डोळ्यांदेखत भडका उडतो. हा प्रकार कोणत्याही कारणासाठी होऊ देऊ नये. ज्योत बसत असेल तर सिलिंडर कमी पडत आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

सतत वापरात एका १९ किलोच्या सिलिंडरमधून ताशी अर्धा ते पाऊण किलो गॅस आरामात मिळतो, असा ढोबळ हिशेब धरावा. आपल्या उदाहरणात म्हणजे एका वेळी चार सिलिंडर जोडलेले हवेत. चार चालू आणि तितकेच राखीव धरले तर आठ सिलिंडरचे १५२ किलो होतात, आणि इथे कायदा आडवा येतो. गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार एका वेळी एकूण १०० किलोपर्यंत एलपीजी साठवायला परवाना लागत नाही. त्यापुढे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचा परवाना घ्यावा लागतो. या संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. पाच सिलिंडरचे ९५ किलो होतात, सहाव्याला मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे चार चालू आणि एक राखीव ठेवून वितरकाशी रोजच्या पुरवठ्याची वेळ ठरवणे, चपात्या गर्दीच्या आधी करून ठेवणे, किंवा एखादे उपकरण विजेवर घेणे, असे मार्ग काढावे लागतात. भट्टी विकत घेण्याआधी हा हिशेब केला, तर तीन चुलींऐवजी दोन चुलींची भट्टी पुरेशी आहे हे कागदावरच कळते.

सिलिंडर घेताना आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. काही मोठे व्यावसायिक सिलिंडर द्रव बाहेर देण्यासाठीच बनवलेले असतात आणि ते व्हेपोरायझर नावाच्या, द्रवाचा वायू करणाऱ्या यंत्राशिवाय वापरता येत नाहीत. वितरकाकडे मागणी नोंदवताना ‘वायू देणारा सिलिंडर’ असे स्पष्ट सांगावे. घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर हॉटेलात वापरणे हा एलपीजी पुरवठा व वितरण आदेश, २००० चा भंग असून जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा ठरतो. अपघात झाल्यावर विमा कंपनीही याच मुद्द्यावर बोट ठेवते.

मुंबईत महानगर गॅस, पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस अशा कंपन्या पाइपने गॅस पुरवतात, आणि जिथे तो मिळतो तिथे सिलिंडरच्या जागेचा व साठ्याचा प्रश्नच संपतो. मात्र एलपीजीची भट्टी तशीच पाइपच्या गॅसवर लावता येत नाही. एकाच आकारमानाच्या नैसर्गिक वायूत एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी उष्णता असते, त्यामुळे त्याच्या जेटचे, म्हणजे चुलीत गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीचे, छिद्र मोठे असते. पाइपच्या गॅसचे जेट तसेच ठेवून एखाद्याने ती भट्टी एलपीजीवर लावली, तर ज्योत आवाक्याबाहेर जाते. जुनी भट्टी घेणाऱ्यांनी जेट कोणत्या गॅसचे आहे ते निर्मात्याकडून किंवा त्याच्या दुरुस्ती केंद्राकडून तपासून घ्यावे. छिद्र ड्रिलने मोठे करून देणारे कारागीर बाजारात मिळतात. त्यांना दुरूनच नमस्कार करावा.

मॅनिफोल्ड आणि पाइप

एकापेक्षा जास्त सिलिंडर एका पाइपला जोडण्याच्या रचनेला मॅनिफोल्ड म्हणतात. प्रत्येक सिलिंडरपासून एक लवचीक नळी, जिला फिटर पिगटेल म्हणतात, मॅनिफोल्डच्या आडव्या पाइपला येऊन मिळते. प्रत्येक पिगटेलच्या टोकाशी गॅसला उलटा जाऊ न देणारा व्हॉल्व्ह आणि एक हाताने बंद करण्याचा व्हॉल्व्ह असलाच पाहिजे, म्हणजे एक सिलिंडर सोडवताना बाकीच्यांतला गॅस बाहेर येत नाही. त्यानंतर दाब कमी करणारा रेग्युलेटर, त्याच्या आधी व नंतर एकेक दाबमापक, आणि मग मुख्य व्हॉल्व्ह. सिलिंडरच्या आतला दाब उन्हाळ्यात सहा-सात किलो प्रति चौरस सेंटिमीटर किंवा त्याहूनही वर जातो. तो दाब स्वयंपाकघराच्या आत येता कामा नये. पहिला रेग्युलेटर म्हणूनच बाहेर, पिंजऱ्यापाशी.

चुलींचे दोन वर्ग असतात. घरगुती शेगडीसारख्या कमी दाबाच्या चुली सुमारे ३० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरवर चालतात, तर उच्च दाबाच्या भट्ट्यांना त्याच्या अनेक पट दाब लागतो. चहा, चपाती आणि डोसा यांना कमी दाब पुरतो असे माझे मत आहे. मोठी पातेली आणि चायनीज रेंज यांच्यासाठी उच्च दाब समजू शकतो. दोन्ही वर्ग एकाच स्वयंपाकघरात असतील, तर कमी दाबाच्या चुलींच्या आधी दुसऱ्या टप्प्याचा रेग्युलेटर हवा. हाताने फिरवून दाब वाढवता येणारा रेग्युलेटर आचाऱ्याच्या हाताशी ठेवला, की गर्दीत तो पूर्ण उघडला जाणार हे गृहीत धरावे.

पाइप पोलादी, जाड भिंतीचा, म्हणजे बाजारात ज्याला ‘सी क्लास’ म्हणतात तो घ्यावा, आणि सांधे शक्य तितके वेल्डिंगचे असावेत, कारण प्रत्येक आट्याचा सांधा ही पुढच्या गळतीची एक जागा असते. पाइप भिंतीवर उघडा, दिसेल असा, क्लॅम्पवर न्यावा आणि पिवळा रंगवावा. टाइल्सच्या मागे किंवा फॉल्स सीलिंगमध्ये तो लपवू नये. सजावटकार आग्रह धरतात, पण गळती लपलेल्या जागीच सर्वांत धोकादायक असते. भिंतीतून पाइप पार करताना त्याभोवती मोठ्या व्यासाची नळी घालून मधली फट न जळणाऱ्या पदार्थाने बुजवावी. विजेच्या तारा आणि गॅसचा पाइप एकाच क्लॅम्पवर किंवा एकाच खोबणीत नेऊ नयेत.

मुख्य व्हॉल्व्ह स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, धावत जाऊन हात पोहोचेल तिथे हवा. भट्ट्यांच्या मागच्या भिंतीवर बसवलेला मुख्य व्हॉल्व्ह आग लागल्यावर निरुपयोगी असतो, कारण तिथवर पोहोचायला ज्वाळांवरून हात न्यावा लागतो. याशिवाय प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र बॉल व्हॉल्व्ह हवा; त्याचा दांडा पाइपच्या दिशेत असला की तो उघडा आणि आडवा असला की बंद, हे प्रत्येक नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी दाखवावे. गळतीच्या यंत्राला जोडलेला, आपोआप बंद होणारा विजेचा व्हॉल्व्ह मुख्य पाइपवर बसवता आला तर खर्च वाया जात नाही. रात्री स्वयंपाकघरात कोणी नसते तेव्हा तोच उपयोगी पडतो.

दाबाची चाचणी

या कामावर वेळ घालवावा, आणि मालकाने स्वतः हजर राहावे. उपकरणे जोडण्याआधी पाइपची सगळी टोके बंद करून त्यात हवा किंवा नायट्रोजन भरतात. ऑक्सिजन कधीही भरू द्यायचा नाही. तेलाचा अंश लागलेल्या पाइपात दाबाखालचा ऑक्सिजन स्वतःच आगीचे कारण ठरतो. कामाच्या दाबाच्या निदान दीडपट दाब भरून पंप काढून घ्यावा, दाबमापकाच्या काट्यापाशी मार्करने खूण करावी, वेळ लिहावी आणि निदान तासभर पाइपला हात लावू नये. काटा खाली आला तर गळती आहे. मात्र सकाळच्या गारव्यात भरलेला दाब दुपारी उन्हाने थोडा वर चढतो, आणि संध्याकाळी उलटे होते. म्हणून चाचणी सावलीत आणि तापमान फारसे बदलणार नाही अशा वेळी घ्यावी, नाहीतर फिटर प्रत्येक घसरणीला ‘हवामान’ म्हणू लागतो.

गळती शोधायला साबणाचे पाणी. भांडी घासण्याच्या द्रवाचा दाट फेस वाटीत करून जुन्या रंगाच्या ब्रशाने प्रत्येक सांध्यावर सर्व बाजूंनी लावावा आणि निदान अर्धा मिनिट पाहत राहावे. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते. बारीक गळती तसे करत नाही. सांध्याच्या खालच्या कडेला, जिथे डोळा सहसा जात नाही, साबुदाण्याएवढा पांढरा फेसाचा ठिपका हळूहळू फुगत जातो, फुटत नाही, नुसता वाढतो. त्यासाठी टॉर्च आणि छोटा आरसा जवळ ठेवावा. काडी पेटवून गळती पाहणारा फिटर दिसला, तर त्याला तिथेच थांबवून काम दुसऱ्याकडे द्यावे. फेस आलेला सांधा नुसता आवळून भागवू नये. दाब पूर्ण सोडून तो उघडावा, गॅसला चालणारे सीलंट लावून पुन्हा जोडावा आणि चाचणी सुरुवातीपासून घ्यावी. शेवटी फिटरकडून तारीख, भरलेला दाब, कालावधी आणि सही असलेला चाचणीचा कागद घ्यावा.

हवा आणि धूर

गॅस जळायला हवा लागते, आणि ती पुरी पडली नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला रंगही नाही आणि वासही नाही. नुसता धूर ओढणारा पंखा बसवून काम होत नाही. जितकी हवा बाहेर जाते तितकी आत यायला वाट हवी. याची सोपी परीक्षा अशी: सर्व पंखे चालू करून दार हळूच लोटावे. ते आपोआप आत खेचले जात असेल किंवा उघडायला जोर लागत असेल, तर बाहेरून येणारी हवा अपुरी आहे आणि जळलेले वायू हूडमध्ये, म्हणजे भट्ट्यांवरच्या धूर ओढणाऱ्या छत्रात, जाण्याऐवजी खोलीत परतत आहेत.

हूड भट्ट्यांच्या कडांच्या बाहेर प्रत्येक बाजूला निदान १५ सेंटिमीटर यावा. त्यात तेल अडवणारे बॅफल फिल्टर असावेत, धुराडे पत्र्याचे असावे आणि आतून साफ करायला त्याला झाकणे असावीत. धुराड्यात साचलेले चिकट तेल हेच आगीचे सर्वांत मोठे इंधन असते. तळणाचे काम रोजचे असेल तर फिल्टर रोज रात्री गरम पाण्यात धुवावेत. एलपीजी वापरणाऱ्या स्वयंपाकघरात जमिनीलगतही झरोके हवेत, आणि उंदीर येतात म्हणून तिथे पोते कोंबण्याऐवजी बारीक जाळी लावावी.

भट्टी बसवणे आणि पहिली चूल

आता भट्टी. ती सपाट फरशीवर, पाय घट्ट करून, लेव्हल पाहून बसवावी. डुगडुगणाऱ्या भट्टीवर उकळत्या तेलाची कढई ठेवणे गॅसइतकेच घातक आहे. मागे भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे, वर लाकडी फळी किंवा मसाल्याचे प्लॅस्टिकचे डबे नसावेत. तळणीचा फ्रायर आणि उघड्या ज्योतीची चूल यांच्यात सुमारे ४० सेंटिमीटर अंतर ठेवावे किंवा मध्ये पत्र्याचा उभा आडोसा द्यावा. ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारी सोय असलेली भट्टी थोडी महाग पडते; फ्रायर आणि ज्यांची ज्योत प्लेटखाली दिसत नाही अशा उपकरणांसाठी तरी ती घ्यावीच.

पाइपपासून भट्टीपर्यंतची शेवटची जोडणी रबरी नळीने होते आणि रोजच्या वापरात सर्वाधिक गळती इथेच होते. नळी आयएस ९५७३ या मानकाची, आयएसआय छाप असलेली, आत तारेची जाळी असलेली घ्यावी. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको. ती भिंतीतून, भट्टीच्या खालून किंवा तव्याच्या मागून जाता कामा नये, आणि दोन्ही टोकांना क्लिप हवी. छापलेली मुदत संपण्याची वाट पाहू नये. बोटात वाकवल्यावर पृष्ठभागावर बारीक भेगा दिसल्या किंवा नळी कडक लागली, तर त्याच दिवशी बदलावी.

पहिल्यांदा गॅस सोडताना दारे-खिडक्या उघडाव्यात, इतर सर्व ज्योती आणि विजेची उपकरणे बंद असावीत, आणि स्वयंपाकघरात फिटर व मालक यांखेरीज कोणी नसावे. सर्व नॉब बंद आहेत हे पाहून सिलिंडरचा व्हॉल्व्ह सावकाश उघडावा आणि सिलिंडरपासून भट्टीपर्यंतचा प्रत्येक सांधा, या वेळी खुद्द गॅसच्या दाबाखाली, पुन्हा साबणाच्या पाण्याने तपासावा. नव्या पाइपात हवा भरलेली असते, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात ज्योत धरत नाही. नॉब उघडा ठेवून काड्यांवर काड्या ओढत बसू नये. नॉब बंद करून, साचलेला गॅस निघून जाऊ देऊन, मग पुन्हा प्रयत्न करावा. हाताने पेटवायच्या भट्टीचा नियम एकच: आधी लायटरची ज्योत चुलीपाशी, मग गॅस. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लांब आणि भांड्याला काजळी धरणारी ज्योत हवा कमी असल्याचे सांगते. चुलीवरून उचलली जाऊन फरफरणारी ज्योत दाब किंवा हवा जास्त असल्याचे. हवेची पट्टी फिरवूनही ती सुधारली नाही, तर जेट आणि दाब तपासावा लागेल.

सिलिंडर बदलताना

सिलिंडर आला की त्याच्या वरच्या कड्याच्या आतील पट्टीवर छापलेले अक्षर आणि आकडे पाहावेत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढचा आकडा वर्षाचा. त्या तिमाहीपर्यंत सिलिंडरची चाचणी वैध असते. मुदत उलटलेला सिलिंडर परत पाठवावा. सुरक्षा टोपी काढून व्हॉल्व्हच्या आत रबरी रिंग जागेवर आहे का, फाटलेली नाही ना, हे पाहावे आणि फेस लावून गळती तपासावी.

बदलण्याचे काम सिलिंडर संपल्यावर, गिऱ्हाईक ताटकळत असताना करायचे नसते. ते दाबमापक पाहून आधी करावे, आणि करणारी माणसे ठरलेली असावीत. मॅनिफोल्डवरचा त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, मग पिगटेल सोडवणे. जोडताना याच्या उलट, आणि प्रत्येक वेळी सांध्यावर फेस. हाताच्या चाकाच्या काही व्हॉल्व्हना उलटे आटे असतात, हे ठाऊक नसलेला माणूस पान्याने जोर करून आटे मोडतो. रिकाम्या सिलिंडरचाही व्हॉल्व्ह बंद करून टोपी लावावी, कारण ‘रिकामा’ म्हटलेल्या सिलिंडरमध्ये थोडा गॅस उरलेला असतोच.

रात्री बंद करताना आधी सिलिंडरचे किंवा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावेत, पाइपमधला गॅस चुलीवर जळून संपू द्यावा, आणि मगच नॉब बंद करावेत.

कागदपत्रे आणि आगीची तयारी

व्यावसायिक जोडणीचा वितरकाचा कागद, साठा १०० किलोंपुढे असेल तर परवाना, पाइपच्या चाचणीचा कागद, उपकरणांची माहितीपत्रके आणि स्थानिक अग्निशमन विभागाचा दाखला एका फाइलीत ठेवावेत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आपल्या इमारतीला लागू असेल, तर आगीच्या यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते.

तळणाच्या तेलाच्या आगीसाठी ‘के’ वर्गाचे ओले रसायन असलेले अग्निशामक आणि बाकीच्यांसाठी एबीसी पावडरचे, अशी दोन्ही यंत्रे दारापाशी हवीत, भट्टीच्या मागे नव्हेत. पेटत्या तेलावर पाणी टाकू नये, हे भांडी घासणाऱ्या मुलापर्यंत सर्वांना ठाऊक असावे. गॅसचा वास आला तर नॉब आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे एकही बटण चालू किंवा बंद करू नये, अगदी हवा बाहेर काढायचा पंखासुद्धा, आणि सर्वांनी बाहेर पडून मोबाइल बाहेर गेल्यावरच वापरावा. एलपीजी गळतीसाठी १९०६, अग्निशमनासाठी १०१ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक मुख्य व्हॉल्व्हच्या शेजारी मोठ्या अक्षरांत लावावेत. पाइपचा गॅस असेल तर त्या कंपनीचा आपत्कालीन क्रमांकही. फलक कामगारांना वाचता येतील अशा भाषांत असावा. आपल्या स्वयंपाकघरांतून नेपाळी, ओडिया आणि बंगाली बोलणारी पुष्कळ माणसे काम करतात, आणि पिंजऱ्याच्या कुलपाची किल्ली कुठे टांगलेली असते हे रात्रपाळीच्या माणसालाही मालकाला फोन न करता माहीत असले पाहिजे.